आधी खोका, मग किंमत

या प्रकरणात आपल्याला एक ब्लँकेट विकायचे आहे. दुधाळ रंगाची जाड लोकर आणि दोन्ही टोकांना हिरवा, लाल, पिवळा आणि गडद निळा असे चार पट्टे. कॅनडात वाढलेल्या माणसाला हे पट्टे दाखवले की तो लगेच नाव सांगतो : हडसन्स बे. २ मे १६७० रोजी इंग्लंडच्या राजाच्या सनदेने ही कंपनी स्थापन झाली. १७८० च्या सुमारास तिच्या व्यापारी ठाण्यांवर ही ब्लँकेटे येऊ लागली आणि मूलनिवासी शिकारी बीव्हरच्या कातड्यांच्या बदल्यात ती घेऊ लागले. ब्लँकेटच्या कडेला गडद निळ्या सुताच्या आखूड रेघा विणलेल्या असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. जितक्या रेघा तितकी कातडी, अशी समजूत अजूनही ऐकू येते. ती चूक आहे. रेघा आकार सांगतात. घडी न उलगडता ब्लँकेट लहान की मोठे हे कळावे म्हणून त्या विणलेल्या असतात. विकणाऱ्याने हे पक्के माहीत करून घ्यावे, कारण वर्णनात दंतकथा लिहिणाऱ्याच्या बाकीच्या शब्दांवरही जाणकार गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही.

मार्च २०२५ मध्ये या कंपनीने धनकोंपासून संरक्षण मागितले आणि १ जून २०२५ रोजी तिची उरलेली दुकाने बंद झाली. पट्ट्यांचे आणि नावाचे हक्क कॅनेडियन टायर या कंपनीने ३ कोटी डॉलरना घेतले. दुकाने बंद होत असताना पट्टेवाल्या वस्तूंवर लोकांची झुंबड उडाली आणि घराघरांतल्या कपाटांत पडून असलेल्या जुन्या ब्लँकेटांकडे मालकांचे लक्ष गेले. म्हणूनच उदाहरणाला हे ब्लँकेट घेतले आहे. त्याला मागणी आहे, पण ती देशभर विखुरलेली आहे. ते महाग आहे, पण जागा फार खाते. आणि सीमेपलीकडे पाठवायचे म्हटले तर ते कॅनडाचे की आणखी कुठले, हा प्रश्न उभा राहतो. कॅनडातून ऑनलाइन विक्री करणाऱ्याला पडणारे जवळजवळ सगळे प्रश्न या एका लोकरीच्या घडीत सापडतात.

कॅनडात जुन्या वस्तू विकत घेण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मॅनिटोबातल्या अल्टोना गावात १९७२ साली मेनोनाइट सेंट्रल कमिटी या मदतसंस्थेचे पहिले थ्रिफ्ट दुकान सुरू झाले. तिथे लोक वापरलेल्या वस्तू दान करतात आणि विक्रीचा पैसा मदतकार्याला जातो. १९८० साली व्हॅल्यू व्हिलेज या जुन्या वस्तूंच्या दुकानसाखळीने व्हँकूव्हरमध्ये कॅनडातले आपले पहिले दुकान उघडले. नव्याने स्थलांतरित झालेल्या कुटुंबाला, मग ते मराठी असो की आणखी कुठले, पहिल्या हिवाळ्यात कोट, बूट आणि भांडी घ्यायला अशी दुकाने फार उपयोगी पडतात. तिथेच काहींच्या लक्षात येते की वीस डॉलरची एखादी वस्तू इंटरनेटवर ऐंशीला जाते. तो फरक पाहून माणूस हुरळतो आणि आधी वस्तू घेतो. हिशेब नंतर.

माझा आग्रह उलट आहे. कॅनडात पुनर्विक्रीचा हिशेब खोक्यापासून सुरू करावा. वस्तू कशात बसेल, त्या खोक्याचे मोजमाप किती, तो कुठवर जाईल आणि तेवढ्याला टपालखाते किती घेईल, हे कळल्याशिवाय किंमत लिहू नये. याचे कारण भूगोलात आहे. सुमारे एक कोटी चौरस किलोमीटरच्या देशात जेमतेम चार कोटी लोक राहतात. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेच्या सीमेलगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात असले, तरी तो पट्टा व्हँकूव्हरपासून हॅलिफॅक्सपर्यंत सरळ रेषेतही चार हजार किलोमीटरांहून लांब पसरलेला आहे. टोरांटोच्या विक्रेत्याला अमेरिकेतले बफेलो दीड-दोन तासांवर आहे, आणि त्याच्याच देशातले व्हँकूव्हर विमानाने साडेचार-पाच तासांवर. अशा देशात भाडे हा किरकोळ खर्च राहत नाही. पुष्कळदा तो वस्तूच्या खरेदीहून मोठा असतो.

तरी बाजारभाव तर काढलाच पाहिजे, आणि इथे पहिली चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. शोधखिडकीत वस्तूचे नाव टाकले की समोर येतात त्या मागितलेल्या किमती. कुणी या ब्लँकेटला ९०० डॉलर मागत असेल आणि वर्षभर ते तसेच पडून असेल. मागण्याला मर्यादा नसते. पाहायच्या असतात त्या झालेल्या विक्रीच्या किमती. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढण्याची सोय आहे. तिथे साधारण गेल्या तीन महिन्यांचे व्यवहार दिसतात, आणि विक्रेत्यांना मिळणाऱ्या टेरापीक या साधनात त्याहून मागचेही. तिथे तीन गोष्टी एकत्र वाचाव्यात : वस्तू कितीला गेली, तिची अवस्था कशी होती आणि गिऱ्हाइकाने टपालखर्च वेगळा भरला की तो किमतीतच होता. २५० डॉलरला टपालखर्चासह गेलेले आणि २२० डॉलर अधिक ३० टपालखर्च असे गेलेले ब्लँकेट एकाच भावाने विकले गेले आहे. नुसत्या आकड्यांवरून नजर फिरवणाऱ्याला मात्र पहिले महाग वाटते.

त्याचबरोबर किती वस्तू विकल्या गेल्या आणि किती अजून पडून आहेत, याचे प्रमाण पाहावे. शंभर पडून असतील आणि तीन महिन्यांत दहाच गेली असतील, तर तुमचे ब्लँकेट त्या रांगेत महिनोन् महिने उभे राहील. मग एक तर किंमत उतरवा, नाही तर वाट पाहायची तयारी ठेवा. ज्याच्याकडे जागा आहे त्याने थांबावे. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याने थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घराचे भाडे तुम्ही जागेसाठी भरता, आणि न विकलेला माल ती जागा फुकट वापरत असतो.

निरुपयोगी म्हणून काहीही वगळू नये, हेही इथेच सांगायला हवे. १९९५ साली पिएर ओमिद्यार यांनी पुढे ईबे म्हणून ओळखले गेलेले लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून एक बिघडलेला लेझर पॉइंटर ओळखला जातो. तो १४.८३ अमेरिकी डॉलरना गेला आणि घेणारा कॅनडाचा होता. वस्तू मोडकी आहे हे त्याला माहीत होते. मोडकी आहे असे स्वच्छ लिहिलेली वस्तू विकली जाते. मोडकी असून तसे न लिहिलेली वस्तू परत येते, आणि कॅनडात परतीचे भाडे विक्रीचा सगळा नफा खाऊन टाकते.

म्हणून ब्लँकेट आधी खिडकीपाशी उजेडात धरावे. कसर लागून पडलेली भोके आरपार उजेडात लगेच दिसतात. प्रत्येक भोकाचा जवळून फोटो काढावा, शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवून. डाग, रफू केलेली जागा, विरलेली कड, सगळे दाखवावे. मग कोपऱ्यातले शिवलेले लेबल पाहावे. या ब्लँकेटांची लेबले काळाप्रमाणे बदलत गेली आणि त्यांच्यावरूनच संग्राहक ब्लँकेटचे साधारण वय ठरवतात. लेबलाचा स्वच्छ फोटो नसेल तर ते ब्लँकेट कमी भावाला जाते. वासाचा उल्लेखही टाळू नये. डांबरगोळ्यांचा, तंबाखूचा, कुत्र्याचा, जो असेल तो लिहावा. पुण्याच्या जुन्या बाजारात गिऱ्हाईक वस्तू हातात घेते, उलटीपालटी करते, हुंगते आणि मगच भाव पाडते. ऑनलाइन गिऱ्हाइकाचे हे सगळे काम विक्रेत्याला करावे लागते, तेही गिऱ्हाइकाच्या बाजूने.

आता खोका. चार पॉइंटचे ब्लँकेट साधारण १८३ बाय २२९ सेंटिमीटर असते आणि वजन भरते दोन किलोंच्या वर. नवा विक्रेता ते काट्यावर ठेवतो, अडीच किलोचे भाडे पाहतो आणि तेवढेच गिऱ्हाइकाकडून घेतो. पार्सल काउंटरवर गेले की आकडा वेगळाच निघतो, कारण टपालखाते आणि कुरिअर कंपन्या वजनाबरोबर आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करतात आणि एका ठरावीक संख्येने भागतात. हा भाजक सेवेप्रमाणे वेगळा असू शकतो, पण ५००० हा नेहमी भेटणारा. येणारे उत्तर म्हणजे आकारमानी वजन. खरे वजन आणि हे वजन यांतले जे जास्त, त्याचे भाडे लागते.

आपले ब्लँकेट सैल घडी घालून ४० बाय ३५ बाय ३० च्या खोक्यात टाकले, तर गुणाकार येतो ४२,०००. भागिले ५०००, म्हणजे ८.४ किलो. तेच नीट दाबून, हवा काढून, ४० बाय ३० बाय १५ च्या खोक्यात बसवले तर १८,००० भागिले ५०००, म्हणजे ३.६ किलो. वस्तू तीच, पत्ता तोच, आणि ज्यावर भाडे लागते ते वजन मात्र निम्म्याहून अधिक उतरले. खोका उभा कापून, कडा दुमडून त्याची उंची कमी करणे हे ज्याला जमते, तो या धंद्यात टिकतो. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल वजनकाटा, शिवणकामाची टेप, धारदार कटर आणि रुंद चिकटपट्टी, एवढी हत्यारे पुरतात. खोके विकत घेऊ नयेत. दुकानांच्या मागे, शेजाऱ्यांच्या रिसायकलिंगच्या डब्यात ते मिळतात. फक्त आतून कोरडे आणि कोपऱ्यांत धड असलेलेच घ्यावेत. लोकरीच्या वस्तूला आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे. बर्फात पायरीवर पडून राहिलेले पार्सल ओले होते, आणि ओली लोकर गिऱ्हाईक परत पाठवते.

पत्ता वाचायला शिकणेही याच कामाचा भाग. कॅनडाच्या पोस्टल कोडमध्ये अक्षर-अंक असे सहा वर्ण असतात. पहिले अक्षर प्रदेश सांगते. व्ही म्हणजे ब्रिटिश कोलंबिया, टी म्हणजे अल्बर्टा, एम म्हणजे टोरांटो, एच म्हणजे माँट्रियल आणि परिसर, वाय म्हणजे युकॉन, एक्स म्हणजे नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नुनावुत. दुसऱ्या जागी शून्य असेल तर पत्ता ग्रामीण. नुनावुतच्या पंचवीस वस्त्यांना एकमेकींशी जोडणारा रस्ता नाही. तिथे पार्सल विमानाने जाते आणि भाडे त्याप्रमाणे लागते. दूरच्या गावांत लोकांचा पत्ता म्हणजे टपाल कचेरीतली पेटी असते, आणि तशा पेटीत खासगी कुरिअर पार्सल टाकू शकत नाही, तिथे कॅनडा पोस्टच लागते. या कारणांमुळे ‘देशभर मोफत डिलिव्हरी’ असे लिहिणे मला धोक्याचे वाटते. ते आकर्षक दिसते खरे. पण टोरांटोजवळच्या मिसिसॉगातल्या गिऱ्हाइकाने भरलेला सरासरी भाव युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सच्या पार्सलात बुडतो. मोजमाप आणि वजन भरून ठेवले की संकेतस्थळच प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या पत्त्याप्रमाणे भाडे दाखवते. मोठ्या वस्तूंसाठी तोच मार्ग न्याय्य आहे, दूरच्या गिऱ्हाइकालाही आणि विकणाऱ्यालाही.

सेवा निवडताना काउंटरवर जाऊन ‘साधे पार्सल’ मागणे ही महागडी सवय. कॅनडा पोस्टच्या छोट्या व्यावसायिकांसाठीच्या मोफत योजनेत नाव नोंदवले, की एक्स्पिडायटेड पार्सल ही सेवा मिळते. ती पुष्कळदा काउंटरवरच्या रेग्युलर पार्सलहून स्वस्त आणि जलद पडते. लेबल घरी छापता येते. लहान पण वजनदार वस्तूंसाठी फ्लॅट रेट खोके आहेत. पाच किलोंपर्यंत वजन असले आणि पत्ता देशातला कुठलाही असला तरी भाडे एकच. पुस्तके, हत्यारे, सुटे भाग यांना ते चांगले. आपल्या ब्लँकेटला मात्र नाही, कारण त्यात ते मावण्याचीच शंका.

काही वस्तूंना खोकाच नको असतो. अल्बर्टातल्या मेडिसिन हॅट गावी मेडाल्टा नावाचा कुंभारकामाचा मोठा कारखाना होता. गावाखाली स्वस्त नैसर्गिक वायू आणि आसपास चांगली माती, त्यामुळे तिथून लोणची-मुरंबे घालायच्या जाड बरण्या प्रेअरीभर गेल्या. आज त्या संग्रहाच्या वस्तू आहेत. दहा-पंधरा किलोंची अशी बरणी पार्सलने पाठवणे म्हणजे भाडेही भरायचे आणि फुटायची भीतीही बाळगायची. ती किजीजीवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर जवळच्या शहरातच विकावी. भाव थोडा कमी येईल, पण कमिशन नाही, खोका नाही, परतीची कटकट नाही. बारा डॉलरच्या मगाचेही तेच. त्याचे भाडेच त्याहून जास्त होते. असे दोन-चार मग आणि बशा यांचा संच करून एका पार्सलात घालता आला तरच ऑनलाइन जावे.

उलट टोकाला आहेत हॉकीची कार्डे. ऑन्टारिओतल्या लंडन शहरातली ओ-पी-ची ही च्युइंगमची कंपनी गमाबरोबर खेळाडूंची कार्डे देत असे. तिच्या कारखान्यात कार्डे तारेने कापली जात, म्हणून त्यांच्या कडा खरबरीत असतात. अनोळखी माणसाला तो दोष वाटतो, जाणकार मात्र आधी त्याच कडा पाहतो. तिने काढलेले १९७९-८० च्या हंगामातले वेन ग्रेट्झकीचे पहिले कार्ड, निर्दोष अवस्थेतले, २०२१ साली ३७.५ लाख अमेरिकी डॉलरना विकले गेले. तसे कार्ड कुणाला थ्रिफ्ट दुकानात मिळेल अशी आशा धरू नये. पण पाच-दहा डॉलरची कार्डे हजारोंनी फिरतात आणि त्यांचे अर्थकारण एका फटीवर उभे आहे. कॅनडा पोस्टच्या मोठ्या पाकिटाची जाडी दोन सेंटिमीटरांपुढे जाऊ नये आणि वजन पाचशे ग्रॅमच्या आत हवे. ते जाडी मोजायच्या फटीतून सरकले तर पत्राच्या भाड्यात जाते, अडकले तर पार्सलच्या. कार्ड पातळ प्लॅस्टिकच्या कव्हरात, ते कडक प्लॅस्टिकच्या कव्हरात आणि ते दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये चिकटवून पाकिटात घालतात. या पाकिटाचा माग काढता येत नाही. म्हणून स्वस्त कार्डे पाकिटातून आणि पन्नास डॉलरच्या पुढचे कार्ड ट्रॅकिंगसह, अशी रेघ स्वतःसाठी आखून घ्यावी. सीमेबाहेर मात्र पाकिटाची वाट बंद आहे. वस्तू म्हटली की लहान पॅकेटची सेवा आणि त्यावर सीमाशुल्काचे विवरण.

सीमा हा या धंद्याचा सगळ्यात मोठा विषय आहे, आणि २०२५ नंतर तो पार बदलला. कॅनडाच्या विक्रेत्याचे मोठे गिऱ्हाईक नेहमीच अमेरिकेत होते. तिथे लोकसंख्या आठपट, डॉलरही वजनदार. २०१६ पासून अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचा माल आयात शुल्काशिवाय जात असे. त्या सवलतीवर चिट चॅट्स, स्टॅलियन एक्सप्रेस यांसारख्या कंपन्या वाढल्या. त्या पार्सले गोळा करून ट्रकने सीमेपार नेत आणि अमेरिकन टपालात टाकत. टोरांटोहून न्यूयॉर्कला पाठवणे ओटावाला पाठवण्याहून स्वस्त पडावे, असे दिवस होते. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ही सवलत सगळ्या देशांसाठी थांबवली. आता शुल्क आधी भरावे लागते, आणि त्यासाठी वस्तू कुठे तयार झाली हे सांगावे लागते. कुठून निघाली याला महत्त्व नाही.

इथे आपले ब्लँकेट अडचणीत येते. कॅनडाची खूण मानले गेलेले हे ब्लँकेट विणले गेले इंग्लंडमध्ये. लेबलावरच तसे लिहिलेले असते. कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातल्या व्यापार कराराचा, म्हणजे कुस्माचा, लाभ त्या तीन देशांत तयार झालेल्या मालाला आहे. इंग्लंडात विणलेले ब्लँकेट ऑन्टारिओच्या कपाटात पन्नास वर्षे राहिले म्हणून कॅनेडियन होत नाही. लंडन, ऑन्टारिओत छापलेले हॉकीचे कार्ड मात्र खरोखर कॅनडाचे. म्हणून अमेरिकेसाठी वस्तू यादीत घालण्याआधी लेबल, शिक्का, बुडाखालचा मजकूर तपासून उत्पादनाचा देश टिपून ठेवावा. विवरणात वस्तूचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांकही लागतो. लोकरी ब्लँकेटांचा ६३०१.२०. ‘जुने कपडे’ किंवा ‘भेटवस्तू’ असे मोघम किंवा खोटे लिहिणे कटाक्षाने टाळावे. गिऱ्हाईक तशी गळ घालते, आणि त्याला नाही म्हणता आले पाहिजे. शुल्काचे दर राजकारणाप्रमाणे बदलत राहतात, त्यामुळे जुन्या आकड्यावर विसंबू नये, पाठवताना त्या दिवशीचा दर पाहावा.

बाहेर पाठवण्याच्या बाबतीत कॅनडाचाही एक कायदा आहे. पन्नास वर्षांहून जुनी, बनवणारा हयात नसलेली आणि ठरावीक मूल्याच्या वरची सांस्कृतिक वस्तू देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. जुने नकाशे, मूलनिवासींच्या हस्तकलेच्या वस्तू, चित्रे हाताळणाऱ्याने हा कायदा वाचलाच पाहिजे.

आता हिशेब मांडू. समजा, ब्लँकेट थ्रिफ्ट दुकानात ६० डॉलरना मिळाले आणि ड्रायक्लीनिंगला २५ लागले. झालेल्या विक्रीवरून भाव ठरला २२०, आणि टपालखर्च गिऱ्हाइकाकडून ३०. घेणारा ऑन्टारिओतला, म्हणून १३ टक्के विक्रीकर म्हणजे ३२.५० डॉलर. हा कर संकेतस्थळ स्वतः घेऊन सरकारला भरते. गिऱ्हाइकाने दिले एकूण २८२.५०. ईबे कमिशन मोजते ते या सगळ्या रकमेवर, म्हणजे टपालखर्च आणि करसुद्धा धरून. कमिशन १३ टक्के धरले तर ३६.७३, आणि त्या कमिशनवर पुन्हा कर ४.७७. तुमच्या हाती आले २०८.५०. प्रत्यक्ष टपाल २८, चिकटपट्टी-पिशवी ४, खरेदी आणि धुलाई मिळून ८५. उरले ९१.५०. म्हणजे २२० उणे ६० असा जो १६० चा नफा डोळ्यांसमोर नाचत होता, त्यातले ९१.५० पदरात पडले. खोका मोठा निघून भाडे वीस डॉलरनी वाढले असते, तर ७१.५०. खरेदीच्या वेळी दुकानातच फोनवर हा हिशेब करायची सवय लागली, की हात आपोआप आखडतो आणि चुकीच्या वस्तू फळीवरच राहतात.

वेगवेगळ्या संकेतस्थळांचे नियम या हिशेबात मोठा फरक पाडतात. एट्सी २०२२ पासून ६.५ टक्के घेते, पण तिथे जुनी वस्तू किमान वीस वर्षांची हवी. पॉशमार्क २०१९ साली कॅनडात आले. तिथे वीस डॉलरच्या वरच्या विक्रीवर २० टक्के जातात, बदल्यात टपालाचे लेबल ठरावीक दराचे. कपडे विकणाऱ्याला ते सोयीचे, ब्लँकेटला जाचक. अमेरिकी संकेतस्थळावर डॉलरमध्ये किंमत लिहिताना विनिमयाचा विसर पडू देऊ नये. २०२२ पासून एका अमेरिकी डॉलरला साधारण १.२५ ते १.४५ कॅनेडियन डॉलर असा भाव हलत राहिला आहे. भाडे तुम्ही कॅनेडियन डॉलरमध्ये भरता, कमाई दुसऱ्या चलनात येते आणि बदलून देणारा मध्ये आपला वाटा ठेवतो.

काय विकू नये, हे थोडक्यात पण कठोरपणे सांगतो. लहान मुलांचा चाकांचा वॉकर कॅनडात ७ एप्रिल २००४ पासून बेकायदा आहे. नवा विकणे, जुना विकणे आणि अंगणातल्या गराज सेलमध्ये मांडणेसुद्धा. जिन्यावरून पडून होणाऱ्या डोक्याच्या इजांमुळे ही बंदी आली. भारतातून आलेल्या कुटुंबांत वॉकर हे मायेने दिले-घेतले जाणारे खेळणे आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. मुदत संपलेले कारसीट, परत मागवलेले पाळणे यांनाही हात लावू नये. अशा वस्तूतून वीस डॉलर कमावण्यापेक्षा ती मोडून टाकणे हे आपले कर्तव्य आहे.

टपाल बंद पडण्याची शक्यता धरूनच कॅनडात हा धंदा करावा लागतो. १५ नोव्हेंबर ते १७ डिसेंबर २०२४, म्हणजे ऐन नाताळच्या हंगामात, कॅनडा पोस्टचे कर्मचारी संपावर होते. २५ सप्टेंबर २०२५ ला पुन्हा देशव्यापी संप झाला आणि ऑक्टोबरमध्ये त्याचे आळीपाळीच्या संपात रूपांतर झाले. त्या काळात ज्यांनी एखाद्या खासगी कुरिअरचे खाते आधीच उघडून ठेवले होते त्यांची विक्री चालू राहिली. संपाची नोटीस निघाली की पाठवण्याची मुदत वाढवून ठेवावी, दूरच्या ग्रामीण पत्त्यांसाठी विक्री तात्पुरती थांबवावी आणि आधीच्या गिऱ्हाइकांना स्वतःहून कळवावे.

राहिला कर. घरातली जुनी वस्तू, घेतली त्याहून कमी किमतीला विकली, तर सहसा काही भरावे लागत नाही. वैयक्तिक वापराच्या वस्तूला हजार डॉलरपर्यंत किंमत आली तर भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. पण विकण्यासाठीच विकत घेतले की तो व्यवसाय होतो, आणि त्याचे उत्पन्न विवरणात टी-२१२५ या फॉर्मवर दाखवावे लागते. सलग चार तिमाहींत उलाढाल ३०,००० डॉलरच्या आत असेपर्यंत जीएसटीसाठी नाव नोंदवण्याची सक्ती नाही. २०२४ पासून संकेतस्थळांनाच विक्रेत्यांची माहिती कॅनडाच्या महसूल खात्याला द्यावी लागते. वर्षाला तीसपेक्षा कमी विक्री आणि २,८०० डॉलरच्या आतली कमाई असलेले त्यातून वगळले आहेत. बाकीच्यांचे आकडे खात्याकडे आधीच पोचलेले असतात. म्हणून थ्रिफ्ट दुकानाची प्रत्येक पावती, टपालाचे प्रत्येक लेबल, चिकटपट्टीचे बिलसुद्धा जपावे. थर्मल कागदावरची अक्षरे कालांतराने उडतात, तेव्हा त्याच दिवशी फोटो काढून महिन्याच्या फोल्डरमध्ये टाकावा. स्वयंरोजगार असलेल्यांना विवरण भरायला १५ जूनपर्यंत वेळ असतो, पण कर देणे लागत असेल तर व्याज ३० एप्रिलनंतर सुरू होते.